हाताची यादी

रविवार, सात तारीख

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती, मग ख्यालीखुशाली. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक दोष होता आणि तो मी शोधून काढला. ते चूक आहे. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, पण तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला 'वाटत होतं' ही सबब चालत नाही. दोष तुझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता, माझ्या दुरुस्तीत होता. ते पत्र फाडू नकोस. त्याच्या कडेला पेन्सिलीनं 'चूक' असं लिही आणि हे त्याला टाचून ठेव, तू प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती ठेवायचीस तसं. फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ते बरं होकाराचं, रागाचं की ऐकू न आल्याचं, हे मला कधीच कळलेलं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं सांगते. क्रमानं सांगितलं की माझं मला कळतं. तू चौतीस वर्षांपूर्वी कोबॉलमध्ये लिहिलेला तो सकाळचा प्रोग्रॅम रक्तकेंद्राच्या मेनफ्रेमवर अजून रोज सहा वाजता चालतो. आदल्या दिवशी ज्यांनी रक्त दिलं त्यांच्या नोंदी तो एकेक करून वाचतो आणि लॅब उघडायच्या आत याद्या छापतो. पहिल्या यादीतल्या पिशव्या नेहमीच्या तपासण्या करून पुढे जातात, दुसरीतल्यांची एक जादा तपासणी होते. कुठली पिशवी कुठे, हे दोन घरांच्या एका रकान्यावर ठरतं. 'तुम्हाला स्वतःला आजवर किती वेळा रक्त चढवलं आहे?' ज्याला दुसऱ्याचं रक्त मिळालेलं असतं त्याच्या रक्तात कधीकधी असं काही तयार झालेलं असतं की ते तिसऱ्याला बाधू शकतं. तिथे शून्य असलं तर पहिली यादी, एक किंवा जास्त असलं तर दुसरी. आणि या दोन्हींच्या मागून तुझी एक तिसरी यादी यायची, रोज दोन-तीन ओळींची. लॅबमध्ये तिला सगळे 'हाताची यादी' म्हणतात. दीड वर्ष मी ती छापून निघताना पाहत होते आणि ती कशाची, हे एकदाही विचारलं नव्हतं. मी, जी गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यावरून तीनदा परत येते. तू मला शंकासुर म्हणायचीस ते उगाच नाही, पण जिथे शंका यायला हवी होती नेमकी तिथे आली नाही.

पाच आठवड्यांपूर्वी वरून एक नवा अहवाल मागवला गेला. त्यासाठी माझ्या शेजारच्या टेबलावरच्यानं तुझ्या प्रोग्रॅममध्ये एक बेरीज घातली, आणि ती घातली रकान्यात आकडा आहे का हे पाहणाऱ्या तुझ्या तपासणीच्या आधी. लागोपाठ तीन सकाळी जॉब मध्येच बंद पडला. त्रुटीचा कोड सी-सेव्हन. आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी आलं आणि यंत्रानं बेरीज करायला नकार दिला. लॅब उघडली तरी यादी नाही, फोनवर फोन, आणि साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. साहेब मागे उभे राहिले की मला माझं स्वतःचं नावही धड टाइप करता येत नाही. मी डंप छापून घेतला, म्हणजे पडताना यंत्राच्या पोटात काय काय होतं त्याची ती जाडजूड चळत, आणि तू शिकवलंस तसं ओळीखाली पट्टी धरून वाचत गेले. त्या रकान्यात चाळीस-चाळीस होतं. यंत्राच्या आतल्या लिपीत शून्य 'एफ-शून्य' असं दिसतं आणि मोकळी जागा 'चाळीस' अशी. कुणीतरी रकाना रिकामा सोडला होता. मला वाटलं, सापडला चोर. शेजाऱ्याची बेरीज दोन ओळी खाली, तुझ्या तपासणीच्या पलीकडे सरकवायची होती, बस, एवढंच काम होतं. पण मी काय केलं, तर नोंद वाचल्या वाचल्या, सगळ्यात आधी, रिकामं दिसलं की शून्य भरायचं, अशी ओळ घातली. जॉब सुरळीत पळाला.

दोन दिवसांनी नीटनेटकेपणाच्या हौसेनं आणखी एक केलं. रिकाम्या नोंदी वेगळ्या काढणारा तुझा अकरा ओळींचा पॅराग्राफ आता कधी चालतच नव्हता, कारण रिकामं काही उरत नव्हतं. तो मी काढून टाकला. त्याच्या वर तुझ्या चार चांदणीच्या ओळी होत्या. सातव्या घरात चांदणी घातली की ती ओळ यंत्र वाचत नाही, ती मागून येणाऱ्या माणसासाठी असते. मागून येणारी मी होते आणि मी त्या वाचल्या नाहीत. यंत्राला लागत नाही ते मलाही लागत नाही, असं वाटण्याइतकी मी त्या आठवड्यात हुशार झाले होते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीनं चौतीस वर्षांचं दुखणं काढलं. त्याच संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं.

तुझं कार्ड नेहमीप्रमाणे तीन आठवड्यांनी आलं. 'छान. हल्ली हाताची यादी किती लांब येते?' मला वाटलं, वय झालं की माणूस जुन्या गोष्टींची चौकशी करतो, तसं असेल. रागावू नकोस, दुरुस्तीच्या पत्रात हेही यायला हवं. कार्ड आलं बुधवारी. गुरुवारी लॅबमधले भाऊ दारात उभे राहिले. तुझ्या वेळी ते नवे होते, तू त्यांना स्वेटर घालून येत जा म्हणून सांगायचीस. मशीनच्या खोलीत थंडी वाजते म्हणून ते अजूनही उंबऱ्याबाहेरूनच बोलतात. म्हणाले, "काय गं, चोवीस दिवस हाताची यादी कोरी येतेय. सगळे दाते एकदम शहाणे झाले की काय? कुणालाच काही 'माहीत नाही' असं नाही?" मी हसले. ते हसले नाहीत. त्या सकाळी पहिल्या यादीतल्या एका पिशवीचा मूळ फॉर्म त्यांनी सहज काढून पाहिला होता. त्या रकान्यात दात्यानं दोनदा काहीतरी लिहून दोनदा खोडलं होतं आणि शेवटी जागा तशीच सोडली होती. माझ्या यादीत तिथे शून्य होतं. भाऊंनी जादा तपासणी केली, आणि नको ते सापडलं. पिशवी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. ती तशीच गेली असती तर कुणाला गेली असती, हे मी विचारलं तेव्हा ते लॅबकडे वळले होते.

आत्या, तेव्हा मला काय आठवलं असेल सांग. चिमणीचं घरटं. शाळेच्या फाटकाला धरून मी इतकी रडायची की पाचवीपर्यंत माझी शाळा, तू कामावरून आल्यावर, तुझ्या जेवणाच्या टेबलावर भरली. तू मला घर मोजायला लावलं होतंस: पायऱ्या किती, खिडक्या किती, खुर्च्यांचे पाय किती, विजेच्या मीटरवरच्या घरट्यात अंडी किती. मी भराभर लिहून आणलं आणि घरट्यासमोर शून्य घातलं. तू विचारलंस, चढून पाहिलंस का. मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "मग हे शून्य कुणी मोजलं?" मी लगेच स्टूल ओढायला लागले तर तेही तू करू दिलं नाहीस, पाखरू घरटं सोडून जाईल म्हणून. शून्य खोडलंस आणि ती जागा रिकामी राहिली. वर्षभर तो कागद कपाटाच्या दारावर होता आणि एका जागी रिकामा होता. मला ते दाताखाली खडा आल्यासारखं वाटायचं. बाबा म्हणायचे, अगं, दोन लिही नि मोकळी हो. मी लिहिलं नाही. सात वर्षांची मुलगी जे करू शकली ते सव्वीस वर्षांच्या बाईला जमलं नाही.

भाऊ गेल्यावर मी डंपची ती पानं पुन्हा पुढे ओढली. त्याच त्या खुणा, पण आता मी त्या वेगळ्या वाचल्या. चाळीस-चाळीस. म्हणजे कुणीतरी माणूस टेबलाशी बसला, प्रश्न वाचला, लहानपणीचा एक दवाखाना, कुणाचं तरी तुटक बोलणं त्याला आठवलं, आणि त्याला सांगता आलं नाही. त्याचं ते न सांगता येणंही यंत्राच्या पोटात आकड्याइतकीच जागा घेऊन बसलं होतं, दोन घरं, एक कणही कमी नाही. आणि चौतीस वर्षांपूर्वी एका बाईनं त्या दोन घरांसाठी अकरा ओळी लिहून ठेवल्या: ज्याला माहीत नाही त्याला बाजूला घ्या, त्याच्या वतीनं काही ठरवू नका, एखाद्या माणसाला हातानं पाहू द्या. बारा हजारांहून जास्त सकाळी त्या अकरा ओळी चालल्या. पाऊस असो, संप असो, तू रजेवर असलीस तरी, निवृत्त झालीस तरी. त्यांच्यामुळे जी माणसं वाचली त्यांना ते ठाऊक नाही, आपल्यालाही ठाऊक नाही ती कोण. भाजीच्या रांगेत माझ्यापुढे उभी असतील. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यातल्या लोकांकडे इतकी टक लावून पाहत होते की एका बाईंनी विचारलं, ओळखता का मला?

घाबरू नकोस, पुढचं लगेच केलं. भाऊंना तिथल्या तिथे सांगितलं, साहेबांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. शून्य भरणारी ओळ काढली, बेरीज खाली सरकवली, तुझा पॅराग्राफ आठवेल तसा पुन्हा लिहिला. दुसऱ्या सकाळी हाताची यादी तीन ओळींची आली आणि भाऊंनी ती डोळ्यांना लावली. चोवीस दिवसांचे मूळ फॉर्म काढून बसलो. रिकाम्या जागेच्या एकसष्ट पिशव्या निघाल्या. एक भाऊंनी अडवलेली. एकोणसाठांचा माग लागला, सगळी माणसं ठीक आहेत. एकीची नोंद दूरच्या रुग्णालयातून अजून यायची आहे. माझ्या तक्त्यात ती जागा रिकामी आहे आणि मी ती रोज सकाळी पाहते.

आता जे लिहायला इतकी पानं गेली ते लिहिते. या सगळ्याचा एक अहवाल झाला. तो साहेबांनी तयार करून आणला. 'जुन्या प्रोग्रॅममधील दोष आणि नोंदणी विभागाने अपुरी भरलेली माहिती' असं कारण त्यात होतं. मी म्हटलं, साहेब, हे असं नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. अगदी मायेनं म्हणाले, तुला नोकरीला लागून दीड वर्ष झालंय, चूक तू सुधारलीस, पिशव्या शोधल्यास, आता कागदाला कागदाच्या वाटेनं जाऊ दे. मी सही केली. पेन त्यांचं होतं. आत्या, मी सही केली.

कागद त्याच्या वाटेनं गेला तो थेट नोंदणीच्या काकूंकडे. एकतीस वर्षं फॉर्म टाइप करणाऱ्या, चष्म्याला दोरी असलेल्या, तुझ्या डब्यातलं लोणचं संपवणाऱ्या काकू. एकसष्ट रकाने निष्काळजीपणे रिकामे सोडले म्हणून त्यांच्यावर चौकशी लागली आहे. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतात. त्यांनी सांगून पाहिलं की फॉर्मवर नसेल तर रिकामं ठेवायचं, असं त्यांना पहिल्याच आठवड्यात तू सांगितलं होतंस. त्यांना विचारलं गेलं, कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. पाण्याच्या माठाशी त्या मला म्हणाल्या, "जे मला माहीत नाही ते मी टाइप कसं करू? माझी बोटंच वळत नाहीत." आणि मग, मी काय केलंय याची काहीच कल्पना नसल्यामुळे, माझ्याच हातावर हात ठेवून म्हणाल्या, तू बघ ना गं कुठे सापडतं का, तुझी आत्या लिहिल्याशिवाय राहणारी नव्हती.

लिहिलेलं होतंच. त्या चार चांदणीच्या ओळी. पण मी त्या पुसल्या होत्या. प्रोग्रॅमची आदल्या दिवशीची प्रत रोज टेपवर जाते, तुझा तो नियम अजून पाळतात: पंधरा पिढ्या ठेवायच्या, सोळावी आली की सगळ्यात जुनी जाते. मला कळलं तो चोविसावा दिवस होता. पंधराच्या पंधरा पिढ्यांमध्ये माझाच प्रोग्रॅम होता, झाडून लोटून स्वच्छ. सगळ्या टेपा पाहिल्या. पंधराव्यांदाही तेच दिसल्यावर मी मशीनच्या खोलीतच रडून घेतलं. बरं झालं, तिथे पंख्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही.

मग काल आईकडे गेले होते. आई काही टाकत नाही, तुला ठाऊकच आहे. पलंगाखालच्या ट्रंकेत माझी सगळी शाळा आहे: पाढे, शुद्धलेखन, पाच पायांची गाय. सगळं कडेला भोकं असलेल्या त्या लांब घडीच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. वह्या पुरायच्या नाहीत म्हणून तू आणायचीस ते कागद. मी आयुष्यभर त्यांची एकच बाजू पाहिली होती. काल दुसरी पाहिली. दोनशे बारा पानं, सगळी प्रोग्रॅमच्या छापील प्रती. तेराच्या पाढ्यामागे (तेरा साते मी सत्त्याण्णव लिहिलेत, तूही ते सोडून दिलेलं दिसतं) तुझा पॅराग्राफ आहे. अकरा ओळी, आणि वर चांदणीच्या चार, यंत्राच्या मोठ्या रोमन अक्षरांत आपली भाषा: 'रिकामी जागा म्हणजे दात्याला माहीत नाही. नोंदणीने ती भरू नये. हाताने पाहावे. मुख्य डॉक्टरांशी बोलून ठरले.' खाली तारीख, काकू लागल्या त्याच्याही आधीची. मी तो कागद जमिनीवर पसरला आणि कितीतरी वेळ पालथी पडून वाचत राहिले. आईला वाटलं, पाठ भरली.

हे पत्र त्या कागदासाठी आहे. माझी चूक मी सांगणारच, सहीसुद्धा माझीच आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. पण मी सांगितलं तरी काकूंनी रकाने नियमानं रिकामे ठेवले, हे दाखवणारी जगातली एकच वस्तू तो कागद आहे, आणि तो तुझा आहे. छापील प्रती फाडून नष्ट करायच्या, एक चिटोराही बाहेर न्यायचा नाही, हा नियम तुझ्या वेळीही होता, ते मी शोधून पाहिलं. मी दोनशे बाराही पानं तपासली, दात्याचं एकही नाव कुठे नाही. म्हणजे आणतानाही तू निवडून आणलेस. तरी कागद टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न येणार, हा घरी कसा? तुझ्या निरोपाच्या दिवशी जुने साहेब म्हणाले होते, या बाईंनी ऑफिसची टाचणीसुद्धा कधी घरी नेली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू जमिनीकडे पाहत राहिलीस. मी चौदा वर्षांची होते, मला वाटलं लाजलीस. काल ट्रंकेपाशी मला ते कळलं. तू तो एकच नियम मोडलास, आणि तो माझ्या पाढ्यांसाठी मोडलास. म्हणून विचारते, ठेवू का तो कागद चौकशीच्या टेबलावर? कार्डावर हो किंवा नाही एवढंच लिही, आणि या वेळी तीन आठवडे लावू नकोस. उत्तर आलं नाही तर मी त्याचा होकार धरणार नाही, नकारही धरणार नाही. शनिवारच्या टपालापर्यंत वाट पाहीन आणि रविवारी, चौदा तारखेला, पहिल्या बसनं येऊन तुला समोर बसून विचारीन. चौकशी गुरुवारी, अठरा तारखेला सकाळी अकराला आहे. कागद हातात असो वा नसो, काकूंना आत बोलावायच्या आधी मी आत जाणार आहे.

तुझीच,
शंकासुर